लायसन्स कॉलेजचं गेलं

माझ्या शिकवणीच्या वेळेत घरातलं कुणी फोन करत नाही. नवऱ्याला हे एकदाच सांगावं लागलं, मुलीला तेवढंही नाही. रियाधमधल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दुपारी नववी-दहावीच्या मुली गणिताला बसतात, आणि त्या वेळात ही बाई कुणाचीच नसते अशी माझी ख्याती आहे. म्हणून त्या दिवशी इंग्लंडहून मुलीचा फोन वाजला, थांबला आणि लगेच पुन्हा वाजला, तेव्हा मी मार्कर खाली ठेवला, मुलींना पुढचं उदाहरण करायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं.

“आई, कॉलेजचं लायसन्स गेलं,” ती म्हणाली.

“कसलं लायसन्स?”

“स्पॉन्सर लायसन्स. फॉरेन स्टुडंट्स घ्यायचं. गव्हर्नमेंटने रिव्होक केलंय. आज सगळ्यांना ईमेल आला.”

मग तिने मला समजावून सांगितलं. परदेशी मुलं घ्यायला तिथल्या कॉलेजांना सरकारचा परवाना लागतो, आणि त्या परवान्याच्या जोरावर मुलांना व्हिसा मिळतो. या कॉलेजने वर्गात पाऊलही न टाकणाऱ्यांची हजेरी लावली होती, नावापुरते विद्यार्थी दाखवले होते. तपासणी झाली आणि परवाना रद्द झाला. आता प्रत्येक परदेशी मुलाला साधारण दोन महिन्यांची मुदत. तेवढ्यात दुसरं कॉलेज पाहायचं, नाही तर देश सोडायचा. माझी मुलगी शेवटच्या वर्षाला होती. तिचा एकही तास कधी बुडाला नव्हता. बुडाला असता तर मलाच आधी कळलं असतं, कारण वर्गात शेजारी कोण बसलं आणि प्रोफेसरांनी कुठला विटका स्वेटर घातला होता हे ती मला रोज सांगायची.

“आई, मी काय केलं?” तिने विचारलं.

“तू काही केलेलं नाहीस,” मी म्हणाले. “हे आधी डोक्यात पक्कं कर. पुढचं नंतर बघू.”

हॉलमध्ये परत आले तेव्हा एका मुलीचं उत्तर चुकलं होतं. तिच्यावर मी नको तितकी ओरडले.

नवरा संध्याकाळी घरी आला. त्याला मी दारातच सांगितलं. त्याने बूट काढले, ते जागेवर ठेवले, आणि पहिलं वाक्य बोलला, “तिला सांग, कुणाशी वाद घालू नको म्हणावं. गप्प राहायचं. कॉलेज सांगेल तसं करायचं.”

“कॉलेज काय सांगणार? कॉलेजच बुडालंय.”

“अगं, तरी स्पॉन्सर आहे तो. जाता जाता काही शेरा मारला तर?”

हे नुसतं घाबरटपणाचं बोलणं नव्हतं, हे मला मान्य करायला हवं. माझा नवरा पंचवीसेक वर्षं इथे बँकांची सॉफ्टवेअर सांभाळतोय. इथे परदेशी माणूस कुणाच्या तरी नावावर असतो. ज्याच्या नावावर तो कफील. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, त्याच्यामुळे. लग्न झाल्यावर मी आले ती नवऱ्यामुळे, आणि नवरा कफीलमुळे. आमची मुलगी इथेच, रियाधच्या दवाखान्यात जन्मली, तीही त्याच साखळीत. त्याची आधीची कंपनी स्थानिक लोकांना पुरेशा नोकऱ्या दिल्या नाहीत म्हणून सरकारच्या लाल यादीत गेली होती. कुणाचाही इकामा पुढे वाढेना. तेव्हा ऑफिसातल्या ज्यांनी आवाज केला, ते दुसऱ्या आठवड्यात विमानात होते. हा गप्प बसला. मान खाली घालून रोज ऑफिसला गेला, शेवटी दुसऱ्या कंपनीने त्याला आपल्या नावावर घेतलं. तो टिकला तो गप्प बसून. माणसाला एकदा लागू पडलेलं औषध तो सगळ्या दुखण्यांवर घेतो.

“तिकीट काढतो,” तो म्हणाला. “मुदत संपायच्या आत मानाने बाहेर पडलेलं बरं. पुण्याला भावाकडे राहील, इथे व्हिजिट व्हिसावर येऊन जाईल. पुढचं पुढे.”

“अहो, पण तिने केलंय काय? चोरी केली की मारामारी?”

“काय केलं ते कुणी विचारत नाही. स्पॉन्सर गेला की आपण गेलो. खलास.”

त्या ‘खलास’ने माझं डोकं फिरलं. आमच्या घरात हा शब्द दूध संपलं तरी वापरतात, पण त्या दिवशी तो माझ्या मुलीबद्दल वापरला गेला. मी म्हटलं, खलास काही नाही, आणि ताट वाढलं.

त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या मराठी मंडळींनी शहराबाहेर एक इस्तिराहा भाड्याने घेतला होता. चार भिंतींच्या आत हिरवळ, पोहण्याचा तलाव, दोन मोठ्या खोल्या, असं सुट्टीच्या दिवशी घेतात तसं. बायकांच्या खोलीत तिळगूळ आणि वाण, पुरुषांच्या खोलीत बार्बेक्यू आणि शेअर बाजार. गाडीत बसल्यावर नवऱ्याने मला बजावलं, “कुणी विचारलं तर सांग, परीक्षा जवळ आलीय, अभ्यासात आहे.”

मी गाडी चालवत होते. बायकांना इथे गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा आमच्या ओळखीत पहिली परीक्षा देणारी मीच होते, आणि तेव्हापासून घरातलं लांबचं ड्रायव्हिंग माझ्याकडे आहे. उत्तर द्यायचं नसलं की मी आरशात बघते. तसं बघितलं.

या हळदीकुंकवात एक रीत आहे. कुंकू लावताना आमच्यातल्या बायका एकमेकींच्या मुलांचे निकाल विचारतात. नवऱ्यांची चौकशी होत नाही, सासवांची तर नाहीच. बारावीनंतर इथे मुलांना पुढचं शिक्षण फारसं नाही, त्यामुळे प्रत्येकीचं एक तरी मूल कुठल्या तरी देशात असतं, आणि तो देश तिच्या कुंकवाबरोबर कपाळावर लागतो. कॅनडाची आई, जर्मनीची आई, मणिपालची आई. मी इंग्लंडची आई होते.

“मग काय म्हणते आमची लंडनवाली?” यजमानीण बाईंनी हळदीचं बोट पुढे करत विचारलं. मुलगी लंडनमध्ये कधीच नव्हती. लंडनपासून रेल्वेने चांगलंच लांब, उत्तरेकडच्या एका शहरात होती. पण हे मी आजवर कधी सुधारलं नव्हतं.

“तिच्या कॉलेजचं लायसन्स रद्द झालं,” मी म्हणाले. “परदेशी मुलांना स्पॉन्सर करायचं. सरकारने काढून घेतलं. दोन महिन्यांत दुसरं कॉलेज मिळालं नाही तर तिला देश सोडायला सांगितलंय.”

बोट तसंच हवेत राहिलं. मग कुणीतरी म्हणालं, “अगं बाई,” आणि दुसरीने आवाज उतरवून विचारलं, “पण... तिचं काही नाही ना त्यात?”

“लायसन्स कॉलेजचं गेलं,” मी म्हणाले. “माझ्या मुलीचं काही गेलेलं नाही. तिची हजेरी पूर्ण आहे, मार्क पासष्टच्या वर आहेत, आणि चारित्र्याबद्दल कुणाला काही शंका असेल तर आत्ता विचारा, मी इथेच बसलेय.”

मला माहीत आहे, हे बोलणं हळदीकुंकवाचं नव्हतं. यजमानीण बाईंनी घाईघाईने मला कुंकू लावलं, ते नाकावर सांडलं. पण जेवणं झाल्यावर हिरवळीवर दोघी जणी वेगवेगळ्या वेळी माझ्याजवळ आल्या. एकीच्या मुलाचा अर्ज त्याच कॉलेजात होता, त्याच कन्सल्टंटकडून, जो दर वर्षी इथल्या हॉटेलात खुर्च्या मांडून आमच्या मुलांना इंग्लंड वाटतो. तिला त्याने अजून काहीही सांगितलेलं नव्हतं. ती तिथूनच नवऱ्याला शोधायला पुरुषांच्या खोलीकडे धावली. दुसरीने कॉलेजचं नाव लिहून घेतलं. परतताना मी नाकावरचं कुंकू पुसलं नाही. घरी पोचेपर्यंत तसंच ठेवलं.

दोन-तीन दिवसांनी चांगली बातमी आली. शेजारच्या शहरातलं एक मोठं विद्यापीठ शेवटच्या वर्षाच्या मुलांना सामावून घ्यायला तयार झालं. एक विषय पुन्हा करावा लागणार होता, व्हिसाचा अर्ज नव्याने करावा लागणार होता, पण वर्ष वाचत होतं. जागा थोड्या होत्या. स्वतः जायचं, गुणपत्रकं न्यायची, मूळ पासपोर्ट दाखवायचा.

“मग आजच जा!” मी म्हणाले.

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

“ऐकतेस ना?”

“आई, पासपोर्ट माझ्याकडे नाहीये.”

हे ज्याला आखातात राहून माहीत नाही त्याला वेडेपणा वाटेल, म्हणून सांगते. इथे वर्षानुवर्षं पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत राहत असे. सुट्टीला जाताना मागून घ्यायचा, आल्यावर जमा करायचा. तो खिशात बाळगणारा माणूस आम्हाला बेजबाबदार वाटायचा. आता कायदा वेगळा आहे, ज्याचा पासपोर्ट त्याच्याजवळ असावा असं सरकारच सांगतं, पण सवय कायद्याने जात नाही. मुलगी पहिल्यांदा इंग्लंडला निघाली तेव्हा विमानतळावर तिच्या बाबांनी तिला सांगितलं होतं, पोहोचलीस की पासपोर्ट कॉलेजच्या ऑफिसात जमा कर, हरवशील. आणि आमची गुणी मुलगी पहिल्याच दिवशी ऑफिसात गेली आणि तिने पासपोर्ट काउंटरवर ठेवला. तिथली बाई म्हणाली, झेरॉक्स हवीय का? ही म्हणाली, नाही, ठेवून घ्या. बाईने म्हणे दोनदा विचारलं. मग हिच्या समाधानासाठी एका पाकिटात घालून कपाटात ठेवला. मुलीने तेव्हा फोन करून ही गोष्ट आम्हाला हसत सांगितली होती, की बघा, इथल्या लोकांना साधी सिस्टिम माहीत नाही. आम्ही तिघंही हसलो होतो.

त्या कपाटात एकूण दोनच पासपोर्ट होते. दुसरा होता तिच्या वर्गातल्या एका मल्याळी मुलीचा. तीही सौदीतलीच, खमीस मुशैतला वाढलेली. चीनची मुलं होती, नायजेरियाची होती, नेपाळची होती, कुणाच्याही डोक्यात ही कल्पना आली नव्हती. ती फक्त आमच्या पोरींना सुचली.

आता ते ऑफिस बंद होतं. तिथली माणसं काढली गेली होती, दारावर एक पहारेकरी, आणि त्याचं एकच उत्तर, ईमेल करा.

“मग केलास ईमेल?”

“केला ना. बाबांनी ड्राफ्ट दिला.”

तिने वाचून दाखवला. आपल्या सोयीनुसार, आपल्याला त्रास होत नसेल तर, आपल्या आजवरच्या सहकार्याबद्दल ऋणी आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या कॉलेजने खोट्या हजेऱ्या लावून माझ्या मुलीचं शेवटचं वर्ष पाण्यात घातलं, त्याच्या सोयीनुसार!

“उद्या तिथे जा आणि दारात उभी राहा,” मी म्हणाले. “पासपोर्ट मिळाल्याशिवाय हलू नकोस. तुझा आहे तो. कुणाची मेहेरबानी नाही.”

“आई,” ती हळूच म्हणाली, “तुझा पासपोर्ट कुठे आहे?”

ती खोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. आणि माझा पासपोर्ट नवऱ्याच्या कंपनीत होता. मागच्या वेळी इकामा वाढवायला दिला, तो तिकडेच राहिला. त्याच्या आधीच्या वेळीही तसंच. भारतात जाऊन परत आले की मी तो नवऱ्याच्या हातात द्यायचे, घराच्या किल्ल्या द्याव्यात तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळी अबाया अंगावर चढवली, गाडी काढली आणि नवऱ्याच्या ऑफिसला गेले. त्याला खालून फोन केला. तो लिफ्टने उतरून आला, तोंडावरचा रंग उडालेला.

“अगं, असं अचानक मागायला जायचं नसतं. कारण विचारतात.”

“कारण आहे. माझा आहे.”

“मी मागतो ना. पुढच्या आठवड्यात रिक्वेस्ट टाकतो.”

“तुम्ही वर जा,” मी म्हणाले. “मंदूबची खोली कुठली ते फक्त सांगा.”

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. इकामा, व्हिसा, सगळं त्याच्या हातात. घरात त्याचं नाव निघालं की नवऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. माझ्या डोळ्यांसमोर कुणी जाड भुवयांचा माणूस होता. प्रत्यक्षात एक वयस्कर सौदी गृहस्थ, समोर कहवा आणि खजूर, चष्मा कपाळावर. मी भांडणाची सगळी तयारी करून गेले होते. हिंदीत चार वाक्यं पाठ केली होती, अरबीत दोन. त्याने माझं ऐकून घेतलं, मागचं कपाट उघडलं, शोधला आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला.

“मदाम, ये तुमारा है,” तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. “तुम कबी मांगा नहीं.” आणि खजुराची बशी पुढे सरकवली.

मला इतका राग आला की विचारू नका. आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. माणूस सभ्य, पासपोर्ट मिळालेला, खजूर उत्तम. नवरा दाराबाहेर उभा होता. त्याने ते वाक्य ऐकलं होतं. लिफ्टपाशी तो मला म्हणाला, “मी इथे नवा आलो तेव्हा मागितला असता ना, तर असा दिला नसता. तू तेव्हा नव्हतीस.” त्याचं तेही खरं असेल. मी त्याच्याशी वाद घातला नाही. गाडीत जाऊन बसले, पासपोर्ट मांडीवर ठेवला आणि मुलीला फोन लावला.

“माझा मिळाला,” मी म्हणाले. “आता तुझा आण.”

ती त्या खमीसच्या मुलीला घेऊन गेली. फोन तिने चालूच ठेवला, कोटाच्या खिशात, आणि मी इकडे कंपनीच्या पार्किंगमध्ये उन्हात गाडी लावून कान देऊन बसले. पहारेकरी म्हणाला, ईमेल करा. मुलगी म्हणाली, केला. तो म्हणाला, मग वाट पाहा. ती म्हणाली, पाहते, आणि दोघी पायऱ्यांवर बसल्या. मधूनमधून मला नुसता वारा ऐकू यायचा. एकदा खमीसवाली हिंदीत म्हणाली, “आंटी, बहुत ठंड है,” आणि मी म्हणाले, “बैठे रहो.” किती निर्दयी बाई असेन मी! पण मला ठाऊक होतं, एकदा उठल्या असत्या तर पुन्हा बसल्या नसत्या.

बऱ्याच वेळाने कुणी एक अधिकारी आला. सरकारी तपासणी चालू आहे, ऑफिसातले कागद हलवता येत नाहीत, म्हणाला. आणि मग मला माझ्या मुलीचा आवाज आला. आमच्याशी बोलताना तिचा आवाज कायम विचारणारा असतो, वाक्याच्या शेवटी वर जातो. हा तसा नव्हता. इंग्रजीतच म्हणाली, पण सरळ. “कागद तुमचे आहेत. पासपोर्ट माझा आहे. तुमचं लायसन्स गेलंय, माझं काही गेलेलं नाही. तो मला दिलात तर मी जाईन. नाही दिलात तर उद्याही इथेच बसेन, आणि परवाही.”

मी तिला इस्तिराह्यातली हकिगत सांगितली नव्हती. ते वाक्य तिचं स्वतःचं होतं. मी गाडीत एकटीच होते, स्टीअरिंगवर हात आपटून म्हणाले, शाब्बास! शेजारच्या गाडीतला ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला.

चावी आली. कपाट उघडलं. दोन पाकिटं बाहेर आली. मला वाटलं, जिंकलो. मी गाडी सुरू केली आणि तेवढ्यात ती फोनवर आली आणि रडायला लागली. लहानपणी शाळेत पडली की तिथे कधी रडायची नाही, घराच्या जिन्यात आल्यावर रडायची, तशी.

“आई, मिळाला. आता मी येऊ शकते. मी घरी येते.”

“विद्यापीठात जायचंय ना?”

“मला नाही जायचं. मला खूप कंटाळा आलाय, आई. परत नवा व्हिसा, परत नवे लोक, तो विषय परत, आणि त्यांनी पण नाही म्हटलं तर? बाबा म्हणतात तिकीट काढतो. मला घरी यायचंय. मला माझ्या रूममध्ये झोपायचंय.”

गाडी मी पुन्हा बंद केली.

तिची खोली आमच्या फ्लॅटमध्ये तशीच होती. पण ती इथून गेली तेव्हाच तिचा इकामा बंद करून आम्ही तिच्या पासपोर्टवर फायनल एक्झिट मारून घेतला होता. इथली सगळी कुटुंबं तेच करतात, मूल बाहेर शिकायला गेलं की त्याचं इथलं राहणं कागदावर चालू ठेवणं परवडत नाही. जिथे जन्मली त्या शहरातून माझ्या मुलीला कायमचं बाहेर काढलं होतं, आणि त्या दिवशी आम्ही विमानतळावर फोटो काढले होते. आता ती आली असती तर पाहुणी म्हणून आली असती. थोडे दिवस तिच्या खोलीत झोपली असती, मग व्हिसा संपला असता, मग पुण्याला काकाच्या हॉलमध्ये, अर्धवट पदवी घेऊन. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. त्या पायऱ्यांवर बसून तिला ते आठवत नव्हतं एवढंच.

मला तिला जवळ घ्यायचं होतं. दीड वर्ष मी तिच्या अंगाला हात लावला नव्हता. ये, एवढंच म्हणायचं होतं, आणि नवरा तिकडे सातव्या मजल्यावर तिकीट काढायला तयारच बसला होता.

“येऊ नकोस,” मी म्हणाले.

“काय?”

“घरी यायचं नाही. मी नको म्हणतेय. डोळे पूस, त्या मुलीला घे, स्टेशनवर जा आणि आजच्या आज विद्यापीठात जाऊन उभी राहा.”

ती म्हणाली, “तू माझी आई आहेस की इमिग्रेशन?” आणि फोन ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याला मी सगळं सांगितलं. मला वाटलं तो भडकेल. तो उठून बाल्कनीत गेला आणि त्याने तिला फोन लावला. मी आतून ऐकत होते. तो म्हणत होता, “मी तिकीट काढलेलं नाही, बेटा. काढणारही नाही. ऑफिस कधी बंद होतं त्यांचं? मग जा की. यल्ला, नीघ.” आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाला तरी गप्प बसू नको असं सांगितलं, आणि तेही मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

तिला प्रवेश मिळाला. नवा व्हिसा मिळाला, तो विषय तिने पुन्हा केला आणि पदवी घेतली. मधले कित्येक आठवडे ती फक्त बाबांशी बोलत होती. मी फोन केला की मेसेज यायचा, बिझी, लेटर. आता आम्ही बोलतो, भांडतोसुद्धा, पण ती गोष्ट तिच्या मनातून गेलेली नाही. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या मैत्रिणींना ती हसत हसत सांगत होती, माझ्या आईने मला घरी येऊ दिलं नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले. तिचे डोळे तेवढे हसत नव्हते.

तिला मी खुलासा दिलेला नाही, देणारही नाही. त्या दिवशी मी ये म्हटलं असतं, तरी कुठल्या तरी काउंटरवरच्या परक्या माणसाने तिला सांगितलं असतं की हे तुझं घर नाही, तू पाहुणी आहेस, अमुक तारखेला निघ. तिला नाही म्हणायचा तो मान मी कुठल्याही सरकारला द्यायला तयार नव्हते. म्हणून मीच नाही म्हटलं. आईवर रागावता येतं, आईशी अबोला धरता येतो, आणि आईला कधीही माफ करता येतं, अगदी सावकाश. मी वाट बघेन.